कोठाराचा जुना पत्ता

आमच्या घरात सासऱ्यांचा आवाज सगळीकडे होता आणि नवऱ्याचा कुठेच नव्हता. सासरे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि निवेदक झाले. आवाज भरदार, उच्चार घासूनपुसून लख्ख. बँकेला फोन लावला की 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारे तेच, लसीकरणाची जाहिरात करणारे तेच, आणि एका देवस्थानच्या रांगेत 'भाविकांनी ढकलाढकली करू नये' असं बजावणारेही तेच. फ्लॅटच्या मागच्या खोलीत त्यांनी छोटा स्टुडिओ थाटला होता. काचेच्या आत ते बोलायचे आणि काचेबाहेर माझा नवरा ते मुद्रित करायचा. त्याचा स्वतःचा आवाज त्या खोलीत 'हं, चालू' एवढाच निघायचा, आणि तोही नंतर कापला जायचा. लग्नाबारशांच्या व्हिडिओत तो कायम कॅमेऱ्यामागे. फोनवर बोलून निरोप पाठवायचा त्याला तिटकारा होता. 'भिकार आवाज येतो,' म्हणायचा, आणि दूध आण हेसुद्धा मला टाइप करून कळवायचा.

म्हणून श्रावणात डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं, तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात तो मला पहिलं वाक्य बोलला ते आजाराबद्दल नव्हतंच.

"माझा आवाज कुठेच नाही गं," तो म्हणाला.

ते खरं होतं.

मग शोधाशोध करताना एक कंपनी सापडली. त्यांनी दिलेली वाक्यं आपल्या आवाजात स्वच्छ मुद्रित करून पाठवायची. त्यावरून ते आवाज घडवतात. पुढे टॅबलेटवर टाइप केलं की तो आपल्या आवाजात बोलतो. वाक्यं शेकड्यांनी होती. सासरे जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती आणि स्टुडिओ बहुतेक बंदच असायचा. नवऱ्याने तो झाडून काढला. आयुष्यात पहिल्यांदा तो काचेच्या आत बसणार होता. आवाज आधीच घोगरा झाला होता. "घोगरा का होईना, माझा असेल," तो म्हणाला, आणि मला इतकं भरून आलं की मी उगाच पडदे धुवायला काढले.

ही वाक्यं ठेवायला सुरक्षित जागा हवी म्हणून आम्ही फाइली साठवायची एक पेटी आणली. पावाच्या दोन लाद्या एकावर एक ठेवाव्यात एवढी. आत दोन डिस्क; एक बिघडली तरी दुसरीवर सगळं असतं. घराच्या नेटवर्कला जोडली की कुठल्याही कॉम्प्युटरवरून तिच्यात काम ठेवता येतं. अशी एक पेटी सासऱ्यांच्या काळात होती. तिला ते कोठार म्हणायचे. ते गेले त्याच वर्षी विजेच्या एका झटक्यात ती जळाली. त्यांचं सगळं काम त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरही होतं, म्हणून नुकसान काही झालं नाही, एवढंच.

पेटी लावायचं काम माझं. हिंजवडीत माझी नोकरीच ती आहे. लोक फोन करून प्रिंटर दिसत नाही म्हणतात आणि मी त्यांना तो प्लगला लावलाय का असं विचारते. त्यामुळे रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी स्टुडिओत बसले, आणि नवरा शेजारी स्टूल ओढून बसला.

पेटीने पहिला प्रश्न विचारला तो पत्त्याचा. घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर एक पत्ता लागतो, आकड्यांचा. पुढचे आकडे सगळ्या घराला सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा. तो आपोआप घेऊ, की तुम्ही नेमून देता, असं ती विचारत होती. आपोआप घेतलेला पत्ता बदलू शकतो, आणि मग कॉम्प्युटर पेटीला शोधत बसतात. म्हणून मी नेमून द्यायचं ठरवलं आणि एक मोकळा आकडा लिहायला घेतला.

"दहा दे," नवरा म्हणाला.

"का?"

"कोठाराचा दहाच होता."

आता हे आकडे सासऱ्यांनी वाटलेले होते, मानपान बघून. राउटर एक, कारण त्याला इलाज नाही. त्यांचा कॉम्प्युटर दोन, मुलाचा तीन, प्रिंटर चार, कोठार दहा. माझ्या लॅपटॉपला त्यांनी आकडा दिला नव्हता. "ते येणारं-जाणारं यंत्र आहे, सूनबाई," असं त्यांनी मला सांगितलं होतं. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझा लॅपटॉप घरात पाहुण्यासारखा मिळेल तो पत्ता घ्यायचा. मला याचा राग होता. पण ते बोलायला लागले की त्या आवाजापुढे मी उभीच राहायचे. अक्षरशः, हातातलं टाकून उभी. तशी सवयच जडली होती.

"दहा कशाला परत? नवीन पेटी आहे, नवा नंबर देते," मी म्हटलं. "फोल्डरलाही बरंसं नाव देऊ."

"फोल्डर 'ध्वनी'च ठेव. युजरनेम, पासवर्ड, सगळं जसंच्या तसं ठेव. माझ्या मशीनवर बाबांनी सगळं त्या पत्त्याला बांधून दिलंय. आता त्यात उकराउकरी नको. मला वेळ नाहीये."

शेवटचं वाक्य त्याने सहज म्हटलं. त्यापुढे मी काय हुज्जत घालणार? दहा लिहिला. फोल्डरचं नाव ध्वनी. पासवर्ड सासऱ्यांचा.

तरी त्याच्या कॉम्प्युटरला पेटी दिसेना. मशीन जुनं, ते ज्या पद्धतीने पेटीशी बोलायचं ती पद्धत नव्या पेटीत बंद केलेली असते. मी सेटिंगमध्ये शिरून ती चालू करायला गेले, तर पेटीने पिवळी चौकट दाखवली. ही पद्धत जुनी आणि असुरक्षित आहे, जुनी यंत्रं याने आत येऊ शकतील, तरीही चालू करायची का? माझ्या मनात पाल चुकचुकली. ऑफिसात कुणी हे केलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. पण स्टुलावर बसून नवरा घसा धरून खोकत होता. मी 'हो'वर क्लिक केलं. त्याच्या पडद्यावर कोठार उघडलं आणि तो लहान पोरासारखा हसला.

मग मुद्रण सुरू झालं. आमच्या मागून रेल्वेलाइन जाते. गाड्यांच्या वेळा नवऱ्याला तोंडपाठ. गाडी जाईपर्यंत तो काचेआड हात वर करून थांबायचा. संध्याकाळी तर बसणंच शक्य नव्हतं, कारण गणपती तोंडावर आले होते आणि मैदानात ढोलाचा सराव चालायचा. भिंतीला लावलेला कापूससुद्धा थरथरायचा. त्यामुळे सकाळी गाड्यांच्या मधल्या फटीत जेवढी होतील तेवढी वाक्यं. 'आज हवा छान आहे.' 'मला थोडं पाणी हवं आहे.' 'तुम्ही कधी आलात?' मी ऑफिसला जायच्या आधी काचेबाहेर बसायचे आणि 'हं, चालू' म्हणायचे.

प्रत्येक दिवसाचं काम कोठारात टाकलं की तो रेकॉर्डरचं कार्ड पुसून कोरं करायचा. हाही बाबांचा नियम. आदल्या दिवशीचं कार्डावर ठेवून झोपणं म्हणजे खरकटी ताटं तशीच ठेवून झोपणं, असं ते म्हणायचे.

"झालंय तेवढं पाठव ना कंपनीला," मी एकदा म्हटलं.

"अर्धवट काम बाहेर जात नाही."

"कोण म्हणतं?"

त्याने बाबांच्या फोटोकडे बोट दाखवलं. काही वाक्यांत श्वास मोठा आला होता, काहींत घसा दाटला होता. ते सगळं ऑपरेशननंतर घरी बसून सावकाश साफ करायचं आणि एकदम पाठवायचं, असं त्याने ठरवलं होतं. तेव्हा बोलण्याचं काम नसेल, वेळच वेळ असेल, असं तोच म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. आजारी माणसाच्या हट्टाला बापाचा हट्ट मिळाला की त्यापुढे कोण टिकणार, असं मनात म्हणून मी डबा भरला.

ऑपरेशनची तारीख पितृपक्षात आली. नात्यातल्यांनी फोन करून करून जीव खाल्ला. हा पंधरवडा पितरांचा, यात असं काही करू नये. सर्जन पंचांग बघत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि फोन ठेवले. मनातून मी घाबरलेली होते. आदल्या दिवशी दुपारी त्याने शेवटचं वाक्य मुद्रित केलं, कोठारात टाकलं, कार्ड पुसलं. वाक्य होतं 'धन्यवाद, पुन्हा भेटू.' ते कंपनीच्या क्रमात शेवटी होतं, त्याला कोण काय करणार.

ऑपरेशन नीट झालं. घट बसायच्या सुमारास तो घरी आला. गळ्याला भोक, हातात पांढरी पाटी आणि पेन. घरात किती शांतता असू शकते ते मला तेव्हा कळलं. तो पलीकडच्या खोलीत पडला तरी मला कळलं नसतं, म्हणून मी ऑफिसचं काम घरूनच करायला लागले आणि दर थोड्या वेळाने जाऊन बघायचे. पाटीवर त्याने लिहिलं होतं : 'दसरा झाला की साफ करायला घेतो.'

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. लोक हत्यारं, वह्या, गाड्या पुजतात. सासऱ्यांनी कारखान्यातून आणलेली रीत अशी, की यंत्र चालू करून त्याची पूजा करायची. झोपलेल्याला कुणी ओवाळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या दुपारपर्यंत यंत्र हलवायचं नाही, बंदही करायचं नाही. ते गेल्यावरही नवरा दर वर्षी त्यांच्या कॉम्प्युटरवरचं आच्छादन काढायचा, तो चालू करायचा, हळदकुंकू लावायचा आणि दसऱ्याला बंद करून पुन्हा झाकून ठेवायचा. त्याची तार भिंतीत होती तशीच लावलेली. वर्षातले ते दोन दिवस सोडले तर कुणी त्याला हात लावत नसे.

त्या वर्षीही त्याने तेच केलं. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलेलं, तरी वाकून बटण दाबलं. पंखा घरघरला, डिस्क करकरली, पडदा उजळला. मी पेटीवर झेंडूचं फूल ठेवलं. निरांजन ओवाळताना मला दिसलं की पेटीचे हिरवे दिवे लुकलुकायला लागलेत. एरवी ते संथ असत. तेव्हा थांबतच नव्हते. सासऱ्यांचा कॉम्प्युटरही करकरत होता, एकसारखा.

"हे काय करतंय?" मी विचारलं.

नवऱ्याने पाटीवर लिहिलं : 'बाबांचं मशीन संध्याकाळचं काम कोठारात टाकायचं. चुकलेलं असेल तर चालू केल्यावर टाकतं. बरंय की. त्यांचंही राहील त्यात.'

मग आणखी एक ओळ लिहिली आणि माझ्यासमोर धरली : 'बाबा कामाला लागले.'

तो खूश होता. मला मात्र ती करकर आवडली नाही. स्वयंपाक करताना, जेवताना, भांडी आवरताना ती ऐकू येत होती. तार काढावी असं दोनदा मनात आलं. एकदा मी दारापर्यंत गेलेही. पण पूजा केलेल्या यंत्राला हात लावल्यावर त्याचा चेहरा कसा होईल ते मला माहीत होतं, आणि त्या दिवसांत त्याच्या चेहऱ्याशी मी खेळायला तयार नव्हते. दसऱ्याच्या सकाळी करकर थांबलेली होती.

दुपारी आपट्याची पानं देऊन झाली, जेवणं झाली, आणि तो स्टुडिओत वाक्यं साफ करायला बसला. थोड्या वेळाने टेबलावर थाप पडल्याचा आवाज आला. मग पुन्हा. बोलावण्याची त्याची तीच रीत होती, पण ही थाप वेगळी होती. मी धावले.

पडद्यावर ध्वनी फोल्डर उघडा होता. आत बँक होती, लसीकरण होतं, देवस्थान होतं, शेतीची भाषणं होती, वर्षांवर्षांनी नीट लावलेली. सासरे गेले त्या महिन्यापर्यंतचं सगळं. त्यानंतरचं काहीच नाही. नवऱ्याच्या वाक्यांचा फोल्डर नव्हता.

मी सासऱ्यांचा कॉम्प्युटर उघडून त्या कामाचं सेटिंग शोधलं. त्यांनी ते नुसतं टाकायला सांगितलं नव्हतं. कोठार हुबेहूब माझ्यासारखं कर, असं सांगितलं होतं. माझ्याकडे आहे ते तिथे ने, माझ्याकडे नाही ते तिथून काढ. त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. म्हातारे काटेकोर होते, कोठारात रद्दी साचलेली त्यांना खपत नसे. मधली सगळी वर्षं खंडेनवमीला त्या यंत्राने दहा नंबरला हाका मारल्या असतील, आणि तिथे कुणीच नाही म्हणून गप्प बसलं असेल. या वर्षी त्याला ओ मिळाली. पत्ता तोच, फोल्डर तोच, पासवर्ड तोच. त्याला ओळखीचं सगळं सापडलं, आणि अनोळखी आवाज तेवढा त्याने काढून टाकला. दोन डिस्क होत्या, दोन्हींवरून.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर ओरडायचं तेच कळेना. एक माणूस फोटोत होता आणि दुसऱ्याला उलट बोलता येत नव्हतं. नवरा हुंदके देत होता, पण आवाजाशिवाय. नुसती गळ्याच्या भोकातून हवा ये-जा करत होती. ते मी कधी विसरणार नाही.

कॅम्पात डिस्कमधलं पुसलेलं परत काढून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे पेटी घेऊन गेले. बरेच दिवस ठेवून घेतली. मग फोन आला.

"मॅडम, वर नवीन लिहिलं गेलंय. खालचं हाताला लागत नाही," ते म्हणाले. "एक छोटा तुकडा निघालाय. ऐकून बघा, पण त्यात बोलणं काही नाही."

खरंच नव्हतं. गाडी येते, जाते. तिच्यामागे कुणीतरी घसा साफ करतं. मग मी 'हं, चालू' म्हणते, आणि तुकडा संपतो. एवढ्या सगळ्यातून वाचला तो माझा आवाज.

कंपनीकडे तयार आवाज होते. एक तरुण, बातम्या दिल्यासारखं बोलणारा. एक गोड, दुकानात साड्या दाखवणारा. नवऱ्याने दोन्ही दोन-दोन दिवस वापरले आणि टॅबलेट उशीखाली टाकून दिला. पुन्हा पाटी आली. मग एका सकाळी पाटीवर वाक्य होतं : 'घरात आवाज आहे की.'

"तो तुझा नाही," मी म्हटलं.

त्याने ते पुसून लिहिलं : 'त्यांचाच मुलगा आहे ना मी.'

"म्हणून काय झालं? मला नको तो घरात परत."

त्याने पाटी पुसून लिहिलं : 'मला बोलायचंय.' कोठार काठोकाठ भरलेलं होतं, स्वच्छ, एकही श्वास जागा सोडून नाही. त्याने ते सगळं कंपनीला पाठवून दिलं. अर्धवट काही नव्हतंच.

दिवाळीची साफसफाई झाली होती. संध्याकाळी मी हॉलमध्ये सोफ्यावर पाय वर घेऊन ऑफिसचं काम करत होते. टॅबलेटवर नवा आवाज आलाय हे मला ठाऊक नव्हतं.

"अगं, जरा चहा ठेवतेस का?"

शब्द नवऱ्याचे होते. सासरे मला कधी अगं म्हणाले नाहीत. पण ते नंतर सुचलं. त्याआधी मी लॅपटॉप बाजूला टाकून उभी राहिले होते, आणि माझ्या तोंडून 'आले, बाबा' निघूनही गेलं होतं.

नवरा स्टुडिओच्या दारात उभा होता, टॅबलेट छातीशी धरून. त्याने ऐकलं होतं. त्याचा चेहरा पडला. घाईघाईने त्याने काहीतरी टाइप केलं.

"बस गं तू. राहू दे चहा," तो भरदार आवाज म्हणाला.

इतक्या वर्षांत त्या आवाजाने मला एकदाही बस म्हटलं नव्हतं. नवरा माझ्याकडे बघत वाट पाहत होता, आणि मला बसता येत नव्हतं.